एका लिटराचे किती युनिट? फोंडा-पणजी रोजच्या इलेक्ट्रिक स्कूटरचा अनुभव

स्कूटर नवी होती तेव्हा सगळे एकच विचारायचे, "एकदा चार्ज केली की किती जाते?" आता तिच्यावर अख्खा पावसाळा, चवथ, दिवाळी आणि थंडी काढून झाली आहे, आणि प्रश्न बदलला आहे. "पेट्रोलच्या हिशेबात सांग, लिटराला किती पडतं?" फोंड्याहून पणजीला रोज कामाला जाणारी माझ्यासारखी पुष्कळ माणसं आहेत. त्यांना लिटर कळतं, किलोमीटर कळतो, विजेच्या बिलावरचं युनिटही कळतं. लिटराचं युनिट करायची वेळ आली की मात्र गाडी अडते. म्हणून हा अनुभव त्याच अंगाने लिहिते.

स्कूटरचा ब्रँड लिहीत नाही. बॅटरी तीन किलोवॉट-तासांची आहे, म्हणजे साध्या भाषेत तीन युनिटांची. या मापाच्या कुठल्याही स्कूटरला खालचे आकडे थोड्याफार फरकाने लागू पडतील. आधीची पेट्रोल स्कूटर याच रस्त्यावर लिटराला सरासरी ४५ किलोमीटर द्यायची. नवी आल्यावर मी चार्जिंगच्या प्लगमध्ये एक छोटा युनिट मीटर लावला, १६ अँपिअरचा. या सगळ्या व्यवहारात माझ्या मते सर्वांत उपयोगी खरेदी तीच. स्कूटरची स्क्रीन बॅटरीतून किती गेलं ते सांगते. भिंतीतून किती घेतलं ते सांगत नाही, आणि बिल भिंतीतल्याचं येतं.

आता लिटराचं युनिट. एक युनिट म्हणजे एक किलोवॉटचा लोड एक तास चालवणं. उष्णतेत मोजलं तर ३.६ मेगाज्यूल, किंवा जुन्या मापात ८६० किलोकॅलरी. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण ३२ मेगाज्यूल उष्णता निघते. ३२ ला ३.६ ने भागा, ८.९ युनिट येतात. डिझेल जरा जड असतं, त्याच्या लिटरात सुमारे १० युनिट. अमेरिकेत इलेक्ट्रिक गाड्यांच्या लेबलवर पेट्रोलशी तुलना देतात, तिथेही एका गॅलनला ३३.७ युनिट हाच आकडा धरतात. त्यांचा गॅलन ३.७८५ लिटरचा, म्हणजे पुन्हा लिटराला ८.९.

काही ठिकाणी तुम्हाला साडेनऊ किंवा ९.७ असाही आकडा दिसेल. तोही खरा आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. ती वाफ थंड होऊन पाणी झाली तर आणखी थोडी उष्णता हाती लागते. ती उष्णता धरणारे मोठा आकडा देतात, न धरणारे लहान. स्कूटरच्या सायलेन्सरमधून वाफ वाफ म्हणूनच बाहेर जाते, त्यामुळे आपल्या कामाला लहान आकडा बरोबर.

त्यात एक दुरुस्ती आपल्याकडे हवीच. २०२५ पासून पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉलच्या लिटरात जेमतेम ५.९ युनिट उष्णता असते. ८० टक्के पेट्रोलचे ७.१ आणि २० टक्के इथेनॉलचे १.२ मिळवले तर ८.३. आज फोंड्याच्या पंपावर जे एक लिटर टाकीत पडतं त्यात ८.३ युनिट उष्णता आहे. इथून पुढे मी हाच आकडा धरते.

आमच्या घरी डिझेलचा दहा युनिटांचा आकडा पहिल्यांदा मांडला तेव्हा सासऱ्यांनी तो मानलाच नाही. ते आयुष्यभर खाणीवर होते, मशिनरी आणि जनरेटरच्या डिझेलच्या नोंदी त्यांच्याकडे असायच्या. म्हणाले, "अगो, दहा कुठले? मोठा जनरेटर लिटराला साडेतीन युनिट देतो. फार चांगला असला तर चार. हातानं लिहिलंय मी." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही लिहिलेलं बरोबर आहे. दहा युनिट टाकीत असतात, साडेतीन तारेत येतात. उरलेले रेडिएटरमधून आणि धुराड्यातून गेले." ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मग स्कूटरला टाकीतलं धरायचं की तारेतलं?"

या प्रश्नावर सगळं अवलंबून आहे. टाकीतलं आणि तारेतलं एकच समजून गुणाकार केला की हिशेब फसतो. तसं पाहिलं तर माझ्या स्कूटरच्या तीन युनिटांच्या बॅटरीत पंपावरच्या पेट्रोलच्या फक्त ३६० मिलिलिटरएवढी ऊर्जा आहे. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटलीसुद्धा भरत नाही. हे ऐकून एका सहकाऱ्याने लगेच निकाल दिला, "म्हणजे तुझी गाडी सोळा किलोमीटर जाणार." पण ती जाते ९५ ते १००. कारण पेट्रोल इंजिन टाकीतल्या उष्णतेचा बराच मोठा भाग हवेत सोडतं आणि थोडाच चाकापर्यंत पोचवतं. मोटर बॅटरीतल्या विजेचा बहुतेक भाग चाकाला देते.

माझे रस्त्यावरचे आकडे असे आहेत. स्क्रीनवर सरासरी दिसते किलोमीटरला २८ ते २९ वॉट-तास (हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट). प्लगच्या मीटरवरून काढलं तर ३३. मधला फरक चार्जरमध्ये आणि बॅटरी भरताना उष्णता होऊन जातो. चार्ज होताना चार्जरला हात लावला तर तो चांगला कोमट लागतो, तीच ही वीज. म्हणजे भिंतीतून घेतलेल्या शंभरातले तेराएक बॅटरीत पोचतच नाहीत. कंपन्यांच्या जाहिरातीत हे कधी येत नाही, आणि विकत घेणाऱ्यानेही विचारलेलं मी पाहिलं नाही.

फोंडा ते पणजी जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर होतात. त्याला भिंतीतून दोन युनिट लागतात. जुन्या स्कूटरला १.३३ लिटर लागायचं. म्हणजे माझ्या कामासाठी एक लिटर पेट्रोल बरोबर दीड युनिट वीज. ८.३ नव्हे, दीड. हा आकडा लक्षात ठेवला तर बाकी काही पाठ करावं लागत नाही. तुमची जुनी स्कूटर लिटराला ४५ ऐवजी ५० द्यायची असेल तर ५० ला ३३ ने गुणा, १,६५० वॉट-तास, म्हणजे १.६५ युनिट. ३८ च द्यायची असेल तर सव्वा युनिट. हे रूपांतर दोन गाड्यांमधलं आहे, पुस्तकातल्या कोष्टकात ते मिळणार नाही.

रुपयांत सांगायचं तर पेट्रोल ९५-९६ च्या घरात धरून रोजचे १२७ रुपये व्हायचे. विजेचं करताना एक गोष्ट नीट पाहावी लागते. आपल्याकडे घरगुती वीज स्लॅबमध्ये आहे, पहिली शंभर युनिटं सर्वांत स्वस्त. पण स्कूटरची युनिटं फ्रीज, पंखे आणि पंपाच्या वर जाऊन बसतात, म्हणून त्यांना तुमच्या बिलातला सर्वांत वरचा स्लॅब लागतो. सरासरी दर धरू नका. माझ्या घरी वरच्या स्लॅबचा दर आणि त्यावरचे आकार मिळून युनिटला पाच रुपयांच्या आसपास पडतात, म्हणजे रोजचे दहा रुपये. तुमच्या बिलात तो स्लॅब कुठला ते बघून स्वतःचा आकडा घाला.

आता रस्ता. हा भाग लिहायला मला सर्वांत आवडतो, कारण पेट्रोल गाडीवर हे कधी दिसलंच नव्हतं. फोंडा बाजारातून निघालं की लगेच फर्मागुढीचा चढ. स्क्रीनवरचा आकडा किलोमीटरला ५०-६० वॉट-तासांवर जातो. मग मंगेशी, म्हार्दोळकडे उतार लागला की तो खाली येतो, आणि ॲक्सिलरेटर सोडला की मोटर जनरेटरसारखी चालून थोडी वीज परत बॅटरीत टाकते. पुन्हा कुंडईचा चढ, पुन्हा भोमकडे उतार, बाणस्तारीचा पूल, आणि तिथून खोर्ली, जुने गोव्यापर्यंत बराचसा सपाट रस्ता.

चढाचा हिशेब कागदावर सुंदर जमतो. स्कूटर आणि मी आणि पिशवी मिळून दोनशे किलो. दोनशे किलो वजन ५० मीटर वर उचलायला २७ वॉट-तास लागतात. सपाट रस्त्यावरचा माझा एक किलोमीटरचा खर्च बॅटरीतून २८. म्हणजे दर ५० मीटर चढण हा वाढीव एक किलोमीटर समजायचा. मोटरची तूट धरली तर थोडा जास्तच. उतारावर यातलं परत मिळतं, पण सगळं कधीच नाही. हवेला आणि ब्रेकला जे गेलं ते गेलं. तुमचं घर टेकडीवर असेल, किंवा रोज घाटाच्या बाजूला जाणं असेल, तर कंपनीच्या रेंजमधून ही उंची वजा करून मगच ठरवा.

जुने गोव्याहून पणजीला दोन वाटा आहेत. कदंब पठारावरचा बायपास आणि मांडवीच्या काठाने रायबंदरचा जुना रस्ता, जो पुढे पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेल्या बांधावरून पणजीच्या पाटो भागात निघतो. पेट्रोल स्कूटरवर मी डोळे मिटून बायपास धरायची. आता रायबंदरने जाते. तो सपाट आहे आणि तिथे वेग चाळीसच्या वर जातच नाही. चाळीसच्या वेगात माझी स्कूटर किलोमीटरला २६-२७ खाते, साठला चाळीसच्या वर जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे दीडपट वेगाला हवेचा किलोमीटरमागचा खर्च सव्वादोन पट. पावसाळ्यात मात्र त्या बांधावर समोरून वारा असेल तर चाळीसच्या वेगातही आकडा पस्तीसच्या वर राहतो. ओला रस्ता, रेनकोट फुगलेला, दिवे चालू, सगळं मिळून पावसाचे महिने मला आठ-दहा टक्क्यांनी महाग गेले.

पावसाळ्यातलाच दुसरा अनुभव. वादळात झाड तारेवर पडलं आणि वीज रात्रभर नव्हती. शेजारच्या काकांकडे लहान पेट्रोल जनरेटर आहे. त्यांनी आपणहून बोर्ड ओढून दिला. मी आणि त्यांच्या मुलाने तो मोजायचं ठरवलं. टाकीत एका खुणेपर्यंत पेट्रोल, मग मोजलेली एक लिटरची बाटली ओतली, आणि एक्स्टेंशन बोर्डाच्या तोंडाशी माझा मीटर. लोड म्हणजे माझा चार्जर, त्यांचा फ्रीज आणि दोन दिवे. पातळी खुणेवर परत आली तेव्हा मीटरवर दीड युनिटाच्या किंचित वर आकडा होता.

त्या रात्री सासरे टॉर्च धरून शेजारी उभे होते. आकडा वाचल्यावर त्यांच्या लगेच लक्षात आलं. दीड युनिटात माझी स्कूटर ४५ किलोमीटर जाते. तेच लिटर जुन्या स्कूटरच्या टाकीत टाकलं असतं तरी ४५ किलोमीटरच झाले असते. पेट्रोल आधी जाळून वीज केली आणि मग ती चालवली, तर जुन्या स्कूटरपेक्षा काहीच पदरात पडलं नाही. फायदा बॅटरीत कुठे दडलेला नाही. उष्णतेचं काम करून घेणारं यंत्र कुठलं आणि किती मोठं, यावर तो ठरतो. लहान जनरेटर आणि लहान स्कूटरचं इंजिन दोघंही त्यात सारखेच कमजोर. म्हणून जनरेटरवर इलेक्ट्रिक गाडी चार्ज करणं अडल्या वेळेपुरतं ठीक, सवय लावण्यात अर्थ नाही.

मग आपल्या प्लगमधली वीज तरी कुठून येते, हे पाहायलाच हवं. गोव्यात मोठं औष्णिक वीज केंद्र नाही. आपली वीज बाहेरून येते, छत्तीसगडमधल्या कोरबा आणि मध्य प्रदेशातल्या विंध्याचलसारख्या कोळशाच्या केंद्रांमधून मोठा वाटा. कोळशाचं केंद्र उष्णतेच्या साधारण ३५ टक्क्यांची वीज करतं, आणि इथपर्यंत येताना तारांमध्ये काही जाते. उलटा हिशेब केला तर माझ्या दीड युनिटामागे कोळशाची जवळपास पाच युनिट उष्णता जळते. पेट्रोलची ८.३. म्हणजे प्लगपासून मोजलं तर मी साडेपाच पट काटकसरी, आणि कोळशाच्या भट्टीपासून मोजलं तर दीड पटीच्या थोडी वर. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिलाच सांगून दुसरा लपवू नये असं मला मनापासून वाटतं. धुराचंही तसंच. एक लिटर निव्वळ पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि आपल्या देशाच्या ग्रिडवर युनिटामागे ०.७ किलोच्या आसपास. दीड युनिटाचे सव्वा किलोच्या आत. म्हणजे निम्म्यावर येतं. छपरावर सोलर असेल तर याहून पुष्कळ कमी. आमच्याकडे अजून नाही.

चार्जिंगला एवढा वेळ का लागतो, याचं उत्तरही याच रूपांतरात आहे. पंपावर पाच लिटर भरायला एक मिनिट लागतो असं धरा. पाच लिटरात ४१ युनिटांहून जास्त उष्णता. एका मिनिटात एवढी म्हणजे अडीच मेगावॉटचा प्रवाह त्या नळीतून चालला आहे. घरच्या १६ अँपिअरच्या प्लगमधून फार तर साडेतीन किलोवॉट मिळतात, आणि माझा चार्जर त्यातले आठशे वॉटच घेतो. रोजच्या दोन युनिटांना अडीच तास. रात्री झोपताना लावलं की सकाळी तयार, त्यामुळे मला त्रास नाही. अचानक काणकोणला जायचं ठरलं तर मात्र त्रास आहे, आणि तेव्हा मी नवऱ्याची गाडी नेते.

तक्रारीही लिहिते. स्क्रीनवरचे टक्के सरळ रेषेत उतरत नाहीत. शंभर ते ऐंशी सावकाश, चाळीसच्या खाली भराभर. त्यामुळे नव्या माणसाचा जीव उगाच टांगणीला लागतो. टक्के न बघता किलोमीटरचा आकडा बघायची सवय करावी. चार्जरचा पंखा पावसाळ्यात बंद पडला, वॉरंटीत बदलून मिळाला, पण भाग यायला बरेच दिवस लागले आणि तोवर शेजारणीचा चार्जर मागून काम भागवावं लागलं. शेवटचे दहा टक्के भरायला फार वेळ लागतो. रोजच्याला मी नव्वदला काढते.

सासूबाईंनी माझा मीटर एकदा स्वयंपाकघरातही नेला. आमच्याकडे उकडा भात, तो शिजायला वेळ घेतो, म्हणून गॅस लवकर संपतो ही त्यांची नेहमीची तक्रार. इंडक्शन शेगडी घेतली तर किती युनिटं, असं त्यांनी विचारलं. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस, किलोला १२.७ युनिट, म्हणजे एका सिलिंडरमध्ये १८० युनिट उष्णता. आयएसआय मार्कच्या शेगडीने त्यातली किमान ६८ टक्के भांड्याला द्यायची असते. इंडक्शन ८५ च्या आसपास देते. म्हणजे एक सिलिंडर बरोबर १४४ युनिट. स्कूटरसारखी साडेपाच पट तफावत इथे नाही. गॅस थेट भांडं तापवतो, उष्णतेचं फिरणं करावं लागत नाही, म्हणून तो एवढा मागे पडत नाही. सिलिंडरचा चालू भाव आणि १४४ युनिटांचं बिल शेजारी ठेवून बघा, फरक बेताचाच निघेल. सासूबाईंनी गॅसच ठेवला, आणि मला ते पटलं.

शेवटी, घ्यावी की नाही. रोज साठ किलोमीटर फिरणाऱ्याला मी डोळे झाकून हो म्हणेन. दिवसाला ११५ रुपयांहून जास्त वाचतात, आणि ऑईल बदलणं वगैरे नाही. पण कुर्टीहून फोंडा बाजार एवढंच ज्याचं फिरणं आहे, दिवसाला दहा किलोमीटर, त्याने स्वतःचं गणित करावं. वर्षाला ३,६५० किलोमीटर, म्हणजे ८१ लिटर, पावणेआठ हजार रुपये. त्याच फिरण्याला १२० युनिट, सहाशे रुपये. वर्षाला सातेक हजार सुटतात. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक सात हजारांनी भागून किती वर्षं येतात ते बघा. जुनी पेट्रोल स्कूटर अजून धड चालत असेल तर एवढ्या फिरण्यासाठी ती विकून ही घेण्याची घाई मी तरी करणार नाही.